मगदूमबाईंसाठी आठ अल्बम

“मी आत आले तेव्हा तुम्ही काय ऐकत होता?” मगदूमबाईंनी विचारलं.

मी त्यांच्या कानावरचा तपासणीचा हेडफोन काढत होतो. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माझी खोली होती. बाहेर पाटी: श्रवण तपासणी, सोमवार ते शनिवार, दहा ते पाच. गोष्ट २०१३ मधली आहे. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि दुपारच्या रिकाम्या वेळात कॉम्प्युटरवर गाणी ऐकत बसायचो.

“रॉक,” मी म्हटलं. “प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. आम्ही प्रोग म्हणतो.”

“ढोल फार खाली जात होते. जमिनीतून आल्यासारखे. ते मला नीट आले.”

मी त्यांच्या तपासणीचा कागद पुढे ओढला. सुलोचना मगदूम, वय चौपन्न, जयसिंगपूर, शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका. डावा कान सातव्या वर्षी गालफुगीत गेलेला, पूर्ण. उजव्या कानाच्या नसेवर गाठ. गाठ साधी होती, पण वाढत वाढत मेंदूच्या देठाला टेकायला आली होती. बारा डिसेंबरला मुंबईत ऑपरेशन ठरलं होतं. नस वाचायची शक्यता शंभरात दोन, असं सर्जनने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. डाव्या कानाला सत्तेचाळीस वर्षं आवाज माहीत नव्हता, त्यामुळे तिथे यंत्र बसवूनही फारसं काही हाती लागणार नव्हतं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे त्या ऑपरेशनआधीच्या नोंदीसाठी आल्या होत्या.

“चोवीस दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “त्या प्रोगमधलं चांगलं कुठलं ते मला सांगाल का? जुनं नको. अलीकडचं. मला ते समजून घ्यायचंय.”

ऐकू येणं जाणार म्हटल्यावर लोक ओळखीचं ऐकतात. आईच्या आवाजाची टेप, लग्नातली कॅसेट, आवडता राग. नवीन काही शिकायला निघालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. पण का, ते मी विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलंच नाही, कारण माझ्याकडे कोणीतरी यादी मागत होतं.

इथे सांगायला हवं की त्या काळात मी ‘कर्णकटू’ या नावाने एक ब्लॉग लिहीत असे. नवीन प्रोग अल्बमांवर, मराठीत. वाचक चारशेच्या आसपास, पण पुणे-कोल्हापूर-सांगलीकडे या संगीताचं वेड असलेले जे कोणी होते ते सगळे त्यात होते. डिसेंबरात मी वर्षातल्या उत्तम अल्बमांची यादी टाकायचो आणि त्यावर महिनाभर भांडणं चालायची. मी कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. ते मला आवडायचं.

त्या संध्याकाळी मी बाईंसाठी यादी करायला बसलो. माझे नेहमीचे आवडते अल्बम घेऊन उपयोग नव्हता. त्यांच्या आलेखात दीड हजार हर्ट्झच्या वर कडा तुटल्यासारखी रेष खाली गेली होती. झांजा, व्हायोलिन, उंच गळा, हे त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. बेस गिटार, जाड कीबोर्ड, मोठे ड्रम, खालचा पुरुषी आवाज पोचणार होता. मी ती रेष समोर ठेवून अल्बम निवडले. ‘पेल हार्बर’ या नॉर्वेच्या बँडचा ‘विंटर टेलिफोन’ घेतला, कारण त्यात बेस गिटारच गाते, बाकीचे तिच्यामागून चालतात. ‘द ग्लास ऑर्चर्ड’चा ‘स्लो मशीन्स’ घेतला. त्यातला कीबोर्डवाला घाई करत नाही, एकेक सूर पुरता विझू देतो. पोलंडच्या एका तिघांच्या बँडचा एक अल्बम घेतला, ज्यात गाणारा जवळजवळ बोलतोच. असे आठ.

मग प्रत्येक अल्बमच्या डाव्या आणि उजव्या बाजू एकत्र करून मी मोनो केला. हल्लीचं रेकॉर्डिंग दोन कानांसाठी असतं. गिटार एका कानात, कीबोर्ड दुसऱ्या. बाईंनी नुसता हेडफोन लावला असता तर अर्धं गाणं बहिऱ्या कानात जाऊन पडलं असतं. हे काम मला फार हुशारीचं वाटलं होतं. एका छोट्या प्लेअरमध्ये सगळं भरून मी तो त्यांना शुक्रवारी दिला.

“दोन-तीन दिवसांत एक ऐका,” मी म्हटलं. “एकदा ऐकून सोडू नका. पहिल्यांदा काहीच कळत नाही.”

“गाण्यात गाणं आहे ना पण?”

“आहे. मुखडा-अंतरा नाही. एक गाणं पंधरा मिनिटं चालतं, मध्ये चारदा बदलतं. मोजणी पण सरळ नसते. पाचची, सातची.”

“सातची म्हणजे रूपक,” त्या म्हणाल्या. “तेवीस वर्षं माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे संगीताचा वर्ग होता. तबल्याचं सगळं पाठ आहे मला.”

मंगळवार-शुक्रवार त्या यायच्या. जयसिंगपूरहून एसटीने, शाळा सुटल्यावर. तपासणीची तेवढी गरज नव्हती, पण मी कागदावर नोंद करायचो, म्हणजे कोणी हरकत घेऊ नये. माझ्यासमोर खुर्ची ओढून त्या बसायच्या, माझ्या ओठांकडे बघत. बरेचसे शब्द त्या ओठांवरूनच उचलायच्या.

‘विंटर टेलिफोन’ त्यांना पहिल्या खेपेला आवडला नाही. “हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय आणि ते कुणी येणारच नाही हे आपल्याला आधीच कळतं. मग एवढा वेळ कशाला?” पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, “कळलं. येणार नाही हे त्यालाही माहीत आहे.”

मी त्या अल्बमवर कधीतरी अकराशे शब्द लिहिले होते. त्यांत हे वाक्य नव्हतं.

पोलंडच्या बँडबद्दल त्या म्हणाल्या, “छान आहे. पण तिघांपैकी एकाला घरी जायचंय.” मी हसलो. मग घरी जाऊन ऐकलं, तर गिटारवाला खरंच प्रत्येक गाण्याच्या शेवटी थोडा पुढे पळत होता. तो बँड पुढच्या वर्षी मोडला.

‘स्लो मशीन्स’ त्यांना सगळ्यांत आवडला. त्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, “हा ठेवा वर.”

“वर म्हणजे?”

“यादीत. पहिला.”

पाचव्या भेटीला त्यांनी पिशवीतून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. “ही पण त्या मशीनमध्ये घालून द्या. माझ्या मुलीची आहे. म्हणजे तिच्या बँडची. प्रणिता ड्रम वाजवायची.”

वेष्टनावर साखर कारखान्याच्या चिमणीचा फोटो होता. ‘सातवा फाटा’ हा कोल्हापूरचा चौघांचा बँड. अल्बमचं नाव ‘गाळप’. २०१०.

“वाजवायची?” मी विचारलं.

“आता पुण्यात इन्शुरन्स कंपनीत आहे. बँड मोडला. ड्रम विकले. त्या विषयावर बोलत नाही. मी तरी काय बोलणार? मला त्यातलं काय कळत होतं? ‘छान आहे गं’ एवढंच म्हटलं होतं मी तेव्हा. तिला ते चाललं नाही, ते दिसलं मला.” त्यांनी सीडी माझ्याकडे सरकवली. “म्हणून म्हटलं, आधी चांगलं म्हणजे काय ते ऐकावं, मग त्याच्या शेजारी ठेवून हे ऐकावं. म्हणजे तिच्याशी खरं बोलता येईल. कान आहेत तोवर.”

मी सीडी घेतली. “शुक्रवारी देतो,” म्हटलं.

त्या गेल्यावर मी ती कॉम्प्युटरमध्ये घातली. बाकीच्या आठांसारख्याच हिच्याही दोन्ही बाजू एकत्र करायला घेतल्या आणि माझा हात थांबला. एकत्र करण्यासारखं काही नव्हतं. ‘गाळप’ मुळातच मोनो होता. दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच. मला हे माहीत असायला हवं होतं, कारण तीन वर्षांपूर्वी मीच तसं लिहिलं होतं. त्यावरूनच तर अल्बम झोडपला होता.

मी बराच वेळ पडद्यावरच्या त्या दोन सारख्या रेषा बघत बसलो. मग प्लेअर भरला आणि दिवा बंद करून घरी गेलो.

शुक्रवारी त्या आल्या, प्लेअर घेतला, आणि पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

“हे तिच्या कपाटात मिळालं. कोणी कर्णकटू म्हणून आहे, त्याने लिहिलंय अल्बमबद्दल. मी वाचलं, पण निम्मे शब्द कळले नाहीत. तुम्ही एकेक वाक्य वाचा आणि मला सांगा, खरं आहे का.”

“नंतर वाचू या का?”

“आज सहा तारीख. नंतर कधी?”

ऐकायला कमी येणाऱ्या माणसासमोर वाचायचं म्हणजे कागद तोंडासमोर धरून चालत नाही. चेहरा दिसला पाहिजे, ओठ दिसले पाहिजेत, सावकाश आणि मोठ्याने वाचलं पाहिजे. हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना रोज शिकवतो. तसंच मी वाचलं.

“‘सातवा फाटा हे कोल्हापुरातलं टोळकं. गाळप हा त्यांचा पहिला अल्बम, आणि देव करो, शेवटचा.’”

“ते कळलं. पुढे.”

“‘ड्रमवर बसलेली मुलगी वाजवत नाही, पाढे म्हणते.’”

“खरं आहे?”

“नाही,” मी म्हटलं. “ती मोजून वाजवते. मोजून वाजवणं आणि पाढे म्हणणं वेगळं.”

“मग असं का लिहिलं?”

“वाक्य चांगलं वाटलं असेल.”

त्यांनी मान हलवली, पुढे वाचा अशी. वेष्टनावरच्या चिमणीच्या फोटोची टिंगल होती, तीही वाचली.

“‘२०१० साली अख्खा अल्बम मोनोमध्ये काढणं म्हणजे घरात रंगीत टीव्ही असताना काळापांढरा भाड्याने आणणं. स्टिरिओ म्हणजे काय हे यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. हा अल्बम ऐकायला एक कान पुरे. दुसरा सोडून द्यायला वापरावा.’”

वाचून झालं. बाहेर कोणीतरी लिफ्टसाठी थांबलं होतं, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“हे मोनो म्हणजे काय ते मला कळलं नाही,” मगदूमबाई म्हणाल्या.

मी कागदावर एक डोकं काढलं, दोन कान काढले. स्टिरिओ म्हणजे थोडं इकडे, थोडं तिकडे. मोनो म्हणजे सगळंच्या सगळं दोन्हीकडे. “दोन कान असलेल्याला स्टिरिओ मोकळं वाटतं. एकच कान असला तर अर्धं गाणं हरवतं. म्हणून तुम्हाला दिलेले आठही अल्बम मी आधी मोनो केले. तुमच्या मुलीचा करावा लागला नाही.”

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. वाक्य पोचलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“तिने तो माझ्यासाठी तसा केला?”

“दुसरं कारण मला दिसत नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग त्या चित्रातल्या डाव्या कानावर बोट ठेवलं. “कधी बोलली नाही. एका शब्दाने बोलली नाही.” आणि थोड्या वेळाने: “आणि या माणसाला एवढंही कळलं नाही?”

“नाही.”

“कोण आहे हा? तुम्ही या लोकांतले, तुम्हाला माहीत असेल.”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. सहा दिवसांनी त्यांचं ऑपरेशन होतं. त्या पुन्हा शोधायला आल्या नसत्या.

“मी,” मी म्हटलं.

“काय?”

‘मी’ हा शब्द ओठांवर फार थोडा असतो. ‘पी’, ‘बी’, ‘मी’, सगळे सारखेच दिसतात. मी पेन घेतलं आणि त्या डोक्याच्या चित्राखाली लिहिलं: कर्णकटू म्हणजे मीच.

त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग माझ्या खोलीवर नजर फिरवली, यंत्रावर, भिंतीवरच्या कानाच्या आतल्या भागाच्या तक्त्यावर.

“तुम्ही कानांचेच डॉक्टर ना?” त्या म्हणाल्या.

मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे, हे मी एरवी लगेच सांगतो. तेव्हा नाही सांगितलं.

त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी पर्स उघडली, मोबाइल काढला, एक नंबर काढून फोन माझ्यापुढे धरला. “मला फोनवर आता शब्द लागत नाहीत. तुम्ही बोला तिच्याशी.”

“काय बोलू?”

“मला सांगितलंत तेच.”

प्रणिताने दुसऱ्या घंटीला उचलला. “आई? काय झालं?”

मी माझं नाव सांगितलं, कुठून बोलतोय ते सांगितलं, आईला काही झालेलं नाही हे सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. पलीकडे ऑफिसातला आवाज होता, तो थोडा लांब गेला. ती उठून बाहेर आली असावी.

“तुम्ही कर्णकटू?”

“हो.”

“मला वाटलं होतं कोणी कॉलेजातला असेल. बँड तुमच्यामुळे नाही मोडला, उगाच तसं समजू नका. आमच्या गिटारवाल्याला मोनो नकोच होतं. तो म्हणायचा, एका माणसासाठी सगळ्यांचं नुकसान. मी हट्टाने तसंच करून घेतलं. तुमचं आलं तेव्हा त्याने तो परिच्छेद सगळ्यांना पाठवला. बघ, म्हणाला, मी सांगत नव्हतो? तुमचं वाक्य फक्त त्याच्या कामी आलं.”

“मी माफी मागायला...”

“आईला तुम्ही मोनोचं सांगितलंत?”

“हो. आत्ता.”

“मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.” तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “तिच्यामुळे अल्बम बुडाला असं घेऊन बसली असती ती. तीन वर्षं मी तोंड बंद ठेवलं. आता कशी आहे ती? रडतेय?”

मी मगदूमबाईंकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. माझ्या ओठांवरून संभाषणाची माझी बाजू वाचत, मधल्या रिकाम्या जागा भरत होत्या.

“ती विचारतेय, तुम्हाला वाईट वाटतंय का,” मी त्यांना सांगितलं.

“तिला म्हणावं, उद्या शनिवार आहे. घरी ये.”

मी तसं म्हटलं. प्रणिताने फोन ठेवला. ‘येते’ म्हणाली की नाही ते मला नीट कळलं नाही, आणि तसंच मी बाईंना सांगितलं. त्या उठल्या, कागद पुन्हा चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, प्लेअर घेतला. दाराशी थांबून म्हणाल्या, “यादी मात्र चांगली होती हो तुमची.”

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. गाठ पूर्ण निघाली. नस वाचली नाही. हे मला हॉस्पिटलच्या पत्रातून कळलं.

ब्लॉगवर मी त्या डिसेंबरात यादी टाकली नाही. काही जणांनी विचारलं. ‘गाळप’वरचा लेख काढून टाकावा असं मनात आलं, पण काढून टाकला तर मी लिहिलाच नव्हता असं झालं असतं. मी तो ठेवला आणि खाली माझं खरं नाव आणि कामाचं ठिकाण घातलं. त्यानंतर तिथे काही लिहिलं नाही.

फेब्रुवारीत मगदूमबाई ठरल्याप्रमाणे नोंदीसाठी आल्या. यावेळी बरोबर प्रणिता होती. पंचविशीतली, उंच, मनगटं जाड. आईला खुर्चीत बसवून ती शेजारी बसली. मी यंत्र लावलं, सगळे आवाज शेवटपर्यंत वाढवले. आवाज आला की दाबायचं बटण बाईंनी एकदाही दाबलं नाही. मी आलेखावर तशा खुणा केल्या. मग ओठ वाचायच्या सरावाचं थोडं दाखवलं. त्यात त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

निघताना प्रणिता म्हणाली, “त्या शनिवारी मी आले होते घरी.”

“बरं केलंत.”

“आईने वही काढली. तुमचे आठ अल्बम आणि आमचा. प्रत्येकाला दोन-दोन पानं लिहिलेली. मला समोर बसवलं आणि म्हणाली, हे आठही तुझ्यापेक्षा चांगले आहेत.” ती किंचित हसली. “दुसरं गाणं तिला आवडलं. पहिल्यात बेस आणि ड्रम एकमेकांवर चढतात म्हणाली, ते खरंच आहे. तिसरं लांबलंय. तेवीस मिनिटांतली आठ मिनिटं नुसती कागद भरायला काढलेल्या ढगांसारखी आहेत, म्हणाली.”

“तुम्हाला काय वाटलं?”

“मला कायमच वाटत होतं की ते लांबलंय. चौघांनाही वाटत होतं, पण बोललं कोणीच नाही. तीन वर्षांत त्या अल्बमबद्दल माझ्याशी कोणी असं बोललंच नव्हतं. वाईट म्हणणारे होते, छान म्हणणारे होते. दुपारी चारला बसलो, जेवायच्या वेळेपर्यंत बोलत होतो. मध्ये आईने तीनदा गाणं मागे नेलं. मी आता पुन्हा वाजवतेय. पुण्यातच, दोन जणी आहोत. ते असो. मला तुम्हाला एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“तुम्ही मोनोवर लिहिलंत, माझ्यावर लिहिलंत, वेष्टनावरच्या फोटोवरसुद्धा लिहिलंत. तेवीस मिनिटांचं गाणं, अर्धा अल्बम आहे तो. त्यावर एक अक्षर नाही. का?”

मगदूमबाई आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या.

“तिथपर्यंत मी ऐकलंच नव्हतं,” मी म्हटलं.

मी ते खाली बघून म्हटलं होतं, त्यामुळे बाईंना दिसलं नाही. “काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.

प्रणिता आईकडे वळली आणि माझं वाक्य, एकेक शब्द सुटा करून, आवाज न काढता पुन्हा म्हणाली.